अफूविना भूल

1999 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या भूलतज्ज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णांच्या हाती त्यांनी एक यादी दिली होती. भूल उतरल्यावर काय काय त्रास होऊ शकतात, ते तिच्यात लिहिलेलं होतं. मग त्यांनी सांगितलं, तुमच्याजवळ 100 डॉलर आहेत असं समजा. कुठला त्रास टाळायला किती पैसे मोजाल? दुखण्याचा नंबर पहिला लागेल, असं कुणालाही वाटलं असतं. पहिली आली उलटी. घशातल्या नळीने गुदमरल्यासारखं होणं दुसरं आणि टाक्यांचं दुखणं त्याच्याही मागे.

भूलशास्त्राने शतकभर वेदनेशी झुंज दिली. मळमळीकडे मात्र त्याने कधी मानाने पाहिलं नाही. एवढं मोठं ऑपरेशन सुखरूप पार पडलं, दोन उलट्यांचं काय घेऊन बसलात, हीच रीत होती. पेशंट जिवंत आहे, शुद्धीवर आला आहे, मग पोटात ढवळणं हा त्याच्या नशिबाचा भाग. ‘ओपिऑइड-फ्री अनेस्थेशिया’, म्हणजे अफूच्या कुळातलं एकही औषध न देता दिलेली भूल, हे तंत्र आज छातीच्या शस्त्रक्रियांपर्यंत येऊन पोचलं आहे. मळमळीला क्षुल्लक मानायची रीत मोडायला किती काळ लागला आणि किती दिशांनी वाटा याव्या लागल्या, याचीच ही कुळकथा आहे.

छातीच्या पेशंटची उलटी

मळमळ कुठल्याही शस्त्रक्रियेनंतर होते. मग छातीचीच गोष्ट वेगळी का?

फुप्फुसाचा एखादा भाग काढला, तर बरगड्यांमधून आत शिरावं लागतं. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला एक खाच असते. तिच्यातून शीर, धमनी आणि मज्जातंतू असे तिघे एकत्र जातात. छाती मोठी उघडली तर बरगड्या फाकवताना हा तंतू ताणला जातो. दुर्बिणीने केलं तर छेद लहान असतो, पण दुर्बीण आणि हत्यारं फिरताना याच तंतूवर दाबली जातात. ऑपरेशन संपल्यावर एक नळी बरगड्यांमधून बाहेर बाटलीत सोडलेली राहते. आतली हवा आणि पाणी तिच्यावाटे निघतं. प्रत्येक श्वासाला ती आतल्या पडद्याला घासते.

अशा माणसाला उमासे येऊ लागले की काय होतं, ते रिकव्हरीतल्या नर्सला विचारावं. पोटाचे आणि छातीचे सगळे स्नायू एकदम आवळले जातात, छेदावर ताण येतो, नळी ओढल्यासारखी होते. पेशंट एका हाताने उशी बरगड्यांवर दाबून धरतो आणि दुसऱ्या हाताने किडनी ट्रे. पोटात काहीच नसल्यामुळे नुसतेच कोरडे उमासे येत राहतात. त्यापुढचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. फुप्फुसाच्या ऑपरेशननंतर बरं होण्याचा रस्ता खोकण्यातून जातो. दीर्घ श्वास घ्यायचा, तीन गोळ्यांचा तो प्लॅस्टिकचा स्पायरोमीटर ओढायचा, खोकून कफ बाहेर काढायचा, लवकर उठून बसायचं, चालायचं. ज्याला खोकलं की उलटीची भीती वाटते, तो खोकतच नाही. कफ साठतो, फुप्फुसाचा तो भाग मिटून राहतो, मग ताप आणि न्यूमोनिया. पोटाच्या पेशंटला मळमळ छळते. छातीच्या पेशंटच्या ती श्वासावर येते.

आणि या मळमळीचं एक मोठं कारण वेदना थांबवायला दिलेल्या औषधातच असतं.

अफूचा वंश

अफूच्या बोंडाचा चीक माणूस हजारो वर्षं वापरत आला. त्यातलं सत्त्व वेगळं काढलं ते जर्मनीतल्या पाडरबोर्न गावच्या एका औषधविक्रेत्याच्या तरुण सहायकाने. त्याचं नाव फ्रीडरिश झेर्ट्युर्नर. 1804 ते 1806 च्या दरम्यान त्याने मॉर्फिनचे स्फटिक मिळवले. 1817 मध्ये त्याने स्वतःवर आणि तीन तरुणांवर केलेला प्रयोग लिहून प्रसिद्ध केला. थोड्या थोड्या वेळाने सगळ्यांनी मॉर्फिन घेतलं. आधी चेहरे लाल झाले, मग गुंगी आली, मग पोटात कळा. विष उतरावं म्हणून झेर्ट्युर्नरने तीव्र व्हिनेगर पाजलं आणि उलट्या सुरू झाल्या. मॉर्फिनची माणसावरची पहिली नोंदच अशी पोटापाशी येऊन संपते.

1853 च्या सुमाराला एडिंबरामध्ये अलेक्झांडर वुडने पोकळ सुईने मॉर्फिन कातडीखाली टोचलं आणि हे औषध पोटाला वळसा घालून थेट शरीरात जाऊ लागलं. उलटी मात्र टळली नाही, कारण ती पोटातून निघतच नव्हती. 1869 मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलात मथिसन आणि राइट या रसायनशास्त्रज्ञांनी मॉर्फिन हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर तापवलं. त्यातून अपोमॉर्फिन निघालं. त्याचा हमखास गुण म्हणजे टोचताच उलटी. विष पोटात गेलेल्या माणसाला ओकवण्यासाठी डॉक्टर ते पुढे कित्येक वर्षं वापरत होते. मॉर्फिनच्या रेणूत ओकारीची कळ किती जवळ दडलेली आहे, हे त्या एका उकळीने दाखवलं.

ती कळ मेंदूत कुठे असते, ते 1950 च्या आसपास अमेरिकेत हर्बर्ट बोरिसन आणि एस. सी. वँग यांनी शोधलं. मेंदूच्या तळाशी, चौथ्या पोकळीच्या फरशीवर एक इवलासा भाग आहे. मेंदूच्या बाकी भागांना रक्तातल्या विषांपासून जे कडेकोट संरक्षण असतं, ते इथे सैल आहे. रक्तात काही घातक आलं तर सर्वांत आधी कळावं, म्हणून जणू शरीराने ही चौकी उघडी ठेवली आहे. प्राण्यांमध्ये हा भाग काढून टाकला की अपोमॉर्फिन टोचूनही उलटी होत नव्हती. मॉर्फिन आणि त्याची सगळी भावंडं हीच चौकी जागी करतात. शिवाय ती आतड्यांची हालचाल मंदावतात आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला हळवं करून ठेवतात. म्हणून ट्रॉलीवरून पलंगावर घेताना, कूस बदलताना, वॉर्डात नेताना लिफ्टमध्ये पेशंटला भडभडून येतं.

या वंशाचं मुंबईशीही नातं आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती आणि त्या व्यापारात शहरातली मोठी घराणी श्रीमंत झाली. सर जमशेटजी जीजीभॉय त्यांतलेच एक. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय आणि त्याच्या शेजारचं ग्रँट मेडिकल कॉलेज ही दोन्ही 1845 सालची. पश्चिम भारतातल्या आधुनिक वैद्यकशिक्षणाच्या पायात अफूचा पैसा आहे, ही गोष्ट या कथेत सांगायलाच हवी.

भुलेत अफू शिरली कशी

16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथरची भूल जाहीरपणे दाखवली, तेव्हा तिच्यात अफूचा अंश नव्हता. तरीही ईथरच्या काळात चारांतल्या तिघांना भूल उतरताना उलट्या होत. त्यामुळे मळमळीचा सगळा दोष अफूच्या माथी मारणं चुकीचं ठरेल. हुंगण्याची बहुतेक औषधं स्वतःही ढवळून काढतात. मॉर्फिन भुलेला जोडलं गेलं ते 1860 च्या दशकात. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांना दिसलं, की आधी मॉर्फिन दिलं तर क्लोरोफॉर्म कमी लागतो.

1942 मध्ये माँट्रियलच्या हॅरल्ड ग्रिफिथ यांनी स्नायू सैल करणारं क्युरारे भुलेत आणलं. 1946 मध्ये लिव्हरपूलच्या सेसिल ग्रे यांनी त्याचा मोठा अनुभव मांडला. त्यातून पुढे भुलेची तीन पायांची तिवई तयार झाली: झोप, सैल स्नायू आणि वेदनाशमन. प्रत्येक पायाला वेगळं औषध. वेदनाशमनाच्या पायाला कुठलं औषध लावायचं, याचं उत्तर दोन ठिकाणांहून आलं.

एक बोस्टनहून. 1969 मध्ये एडवर्ड लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या पेशंटना किलोमागे 1 मिलिग्रॅम इतकं मॉर्फिन शिरेतून दिलं. 60 किलोच्या माणसाला 60 मिलिग्रॅम. एरवी दुखण्यासाठी साधारण 10 मिलिग्रॅम देतात. तरी रक्तदाब कोसळला नाही, दुबळं हृदय तगून राहिलं. दुसरं उत्तर बेल्जियमहून. बेर्स गावच्या आपल्या प्रयोगशाळेत पॉल यान्सेन यांनी 1960 मध्ये फेंटानिल बनवलं. ते मॉर्फिनच्या साधारण शंभरपट ताकदीचं आहे आणि त्याचा अंमल मिनिटांत सुरू होतो. सर्जनने सुरी लावली आणि मॉनिटरवर नाडी 70 वरून 110 वर गेली, की फेंटानिलचा एक मिलिलिटर. नाडी परत खाली. इतकं हुकमी औषध भूलतज्ज्ञाच्या हातात त्याआधी आलं नव्हतं. पुढे सुफेंटानिल आलं, रेमिफेंटानिल आलं. अफूच्या कुळाशिवाय भूल देता येते, हा विचारच मागे पडला.

त्या हुकमीपणात एक प्रश्न विचारायचा राहून गेला. पेशंट गाढ झोपेत आहे. त्याला वेदना ‘जाणवत’ नाही. सुरी लागल्यावर नाडी वाढते, रक्तदाब चढतो, ती शरीराची प्रतिक्रिया असते. तिला आवर घालायला अफूच हवी असं कुणी सिद्ध केलं होतं? उलट 2000 साली फ्रान्समधल्या एका अभ्यासात असं दिसलं, की शस्त्रक्रियेत रेमिफेंटानिल भरपूर दिलेल्या पेशंटना शुद्धीवर आल्यावर वेदना जास्त होती आणि त्यांना मॉर्फिनही जास्त लागलं. ज्या औषधाने वेदना दाबली, तेच शरीराला वेदनेसाठी हळवं करून जात होतं.

दुसरा वंश: तंतूच्या वाटेवर

अफूविना भुलेचं खरं मातृकुळ दुसरीकडे आहे. 1884 मध्ये व्हिएन्नाचा तरुण डॉक्टर कार्ल कोलर याने डोळ्यात कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर केला. मेंदूला झोपवायचं नाही, निरोप नेणारी वाटच बंद करायची, हा विचार तिथून सुरू झाला. 1898 मध्ये कील शहरात आउगुस्ट बिअरने मणक्यातून कोकेन देऊन पाय बधिर केले. 1905 मध्ये हुगो झेल्हाइमने मणक्याच्या बाजूला, तंतू जिथे बाहेर पडतो तिथेच औषध सोडलं. आज पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक म्हणतात तो हाच. मधली कित्येक वर्षं तो अडगळीत पडला होता. 1979 मध्ये इंग्लंडमध्ये ईसन आणि वायट यांनी तो पुन्हा चालू केला. छातीच्या एकाच बाजूला शस्त्रक्रिया असेल तर तेवढीच बाजू बधिर करता येते, हा त्याचा मोठा गुण.

अमेरिकेत जॉर्ज क्राइल याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात एक वेगळी गोष्ट ओळखली. पेशंट झोपलेला असला तरी कापलेल्या जागेचे निरोप मेंदूपर्यंत जातच राहतात आणि शरीराला दमवतात. म्हणून हलकी भूल द्यायची आणि कापायच्या जागी आधीच बधिर करणारं औषध भरायचं. त्याच्या पद्धतीत मॉर्फिनही होतं. पण झोप आणि निरोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने इतक्या आधी मांडलं, आणि अफूविना भूल आज याच पायावर उभी आहे.

छातीची दुर्बीण तर जन्मली तीच मुळी पूर्ण भुलेशिवाय. 1910 मध्ये स्टॉकहोममध्ये हान्स क्रिस्तियान याकोबेउस याने मूत्राशय पाहायची दुर्बीण क्षयाच्या पेशंटच्या छातीत घातली, फक्त जागा बधिर करून. छाती मोठी उघडायची तर त्या काळी वेगळीच पंचाईत होती. बाहेरची हवा आत शिरली की फुप्फुस मिटायचं. 1904 मध्ये ब्रेस्लाऊला झाउअरब्रुखने त्यासाठी कमी दाबाची एक खोलीच बांधली. सर्जन आणि पेशंटचं धड आत, डोकं बाहेर. पुढे श्वासनळीत नळी घालून दाबाने हवा देणं जमलं. 1949 मध्ये स्वीडनच्या एरिक कार्लेन्सची दुहेरी नळी आली आणि एक फुप्फुस मिटवून दुसऱ्यावर पेशंटला श्वास देता येऊ लागला. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीत दुर्बिणीने फुप्फुसाचा खंड काढला गेला. छेद लहान झाले, पण पेशंटची मळमळ तशीच राहिली, कारण भुलेची पाककृती बदलली नव्हती.

तंतू बधिर करणारी औषधं मात्र सुधारत गेली. 1943 मध्ये स्टॉकहोममध्ये नील्स लोफग्रेन आणि बेंगट लुंडक्विस्ट यांनी लिग्नोकेन तयार केलं आणि लुंडक्विस्टने ते स्वतःवर टोचून पाहिलं. आपल्याकडे दाताच्या डॉक्टरपासून ऑपरेशन थिएटरपर्यंत सगळीकडे असणारं झायलोकेन ते हेच. पुढे कळलं, की मोजून-मापून शिरेतून दिलं तर ते शस्त्रक्रियेचे निरोपही दबवतं. 2016 मध्ये कॅनडातल्या मॉरिसिओ फोरेरो आणि सहकाऱ्यांनी इरेक्टर स्पायनी ब्लॉकचं वर्णन केलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर मणक्याच्या आडव्या हाडाची पांढरी कमान दिसते आणि तिच्यावर पाठीचा लांब स्नायू. सुई त्या हाडाला टेकेपर्यंत न्यायची आणि औषध सोडायचं. स्नायू हाडावरून हलकेच उचलला जातो आणि काळ्या रेघेसारखं औषध वर-खाली पसरत जाताना दिसतं. फुप्फुसाच्या पडद्यापासून सुई दूर राहते, म्हणून भीती कमी. हा ब्लॉक लवकर पसरला त्याचं कारण हेच.

सोबतीला आलेली औषधं

आणखी दोन औषधं वेगळ्याच कामासाठी जन्मली आणि या घरात येऊन स्थिरावली. केटामिन 1962 मध्ये डेट्रॉइटमध्ये कॅल्विन स्टीव्हन्सने बनवलं. पूर्ण मात्रेत ते भूल देतं आणि स्वप्नंही दाखवतं. अगदी थोड्या मात्रेत ते मज्जारज्जूतला वेदनेचा गाजावाजा कमी करतं आणि श्वास दाबत नाही.

दुसरं क्लोनिडीनच्या घरातलं. 1960 च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत ते सर्दीने चोंदलेलं नाक मोकळं करायला बनवलं होतं. कंपनीतल्या एका सेक्रेटरीला सर्दी झाली म्हणून थेंब दिले, तर ती जवळजवळ दिवसभर झोपून राहिली. नाडी मंद, रक्तदाब उतरलेला. सर्दीचं औषध रक्तदाबाचं झालं. त्याच जातीचं, पण जास्त नेमकं असं डेक्समेडेटोमिडीन फिनलंडमध्ये आकाराला आलं आणि 1999 च्या अखेरीस अमेरिकेत अतिदक्षता विभागासाठी मान्य झालं. ते दिल्यावर पेशंट झोपतो, पण हाक मारली तर डोळे उघडतो. श्वास चालू राहतो आणि सुरीने चढणारी नाडी खाली राहते. फेंटानिलचं काम करणारा वेगळा हात मिळाला तो इथे.

चार प्रश्नांचा हिशेब

साहित्य जमलं होतं, पण ते वापरायचं कारण अजून कुणी मांडलं नव्हतं. 1999 मध्ये, स्टॅनफर्डच्या त्या यादीच्याच वर्षी, जर्मनीतले भूलतज्ज्ञ क्रिस्तियान आप्फेल यांनी मळमळीचा अंदाज बांधायची सोपी रीत दिली. चार प्रश्न. पेशंट बाई आहे का? सिगारेट-विडी ओढत नाही ना? गाडी लागते का, किंवा आधीच्या ऑपरेशननंतर उलट्या झाल्या होत्या का? ऑपरेशननंतर मॉर्फिनसारखं औषध द्यावं लागणार आहे का? एकही उत्तर हो नसेल तर उलटी-मळमळीची शक्यता 10 टक्के. एकाला हो म्हटलं की 21, दोनांना 39, तिघांना 61 आणि चारही असतील तर 79 टक्के.

या चारांतले तीन प्रश्न पेशंटच्या जन्माचे आणि सवयीचे आहेत. डॉक्टर त्यांना हात लावू शकत नाही. चौथा एकटाच डॉक्टरच्या हातात आहे. आता फुप्फुसाच्या कॅन्सरकडे पाहा. चीन, जपान, कोरिया या देशांत फुप्फुसातली लहान गाठ काढायला येणाऱ्यांत कधीही सिगारेट न ओढलेल्या बायकांची संख्या मोठी आहे. त्यांची दोन उत्तरं ऑपरेशन टेबलावर येण्याआधीच हो आहेत. त्यात गाडी लागत असेल तर तीन. मग चौथं उत्तर डॉक्टरने आपल्या हाताने का जोडावं?

तोवर उलटीवरचा रिवाज उलटीचं औषध देण्याचा होता. कॅन्सरच्या केमोथेरपीसाठी बनलेलं ऑन्डान्सेट्रॉन 1990 च्या दशकात भुलेतही आलं. आपल्याकडे वॉर्डात ‘एमसेट दिलं का?’ असं विचारतात ते हेच. आप्फेल यांनी 2004 मध्ये पाच हजारांहून जास्त पेशंटवरची मोठी चाचणी मांडली. प्रत्येक उलटीरोधक औषध धोका सुमारे एक-चतुर्थांशाने कमी करतं, असं त्यात दिसलं. दुसरं औषध दिलं की उरलेल्या धोक्याचा पाव, तिसऱ्याने त्याच्याही उरलेल्याचा पाव. म्हणजे औषधांची रास वाढते आणि मिळकत आटत जाते. मूळ कारणच कमी करणं हाच पुढचा रस्ता होता.

तो रस्ता आधी धरला गेला लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांमध्ये. अशा पेशंटचा झोपेत श्वास अडतो, अफू तो आणखी दाबते. बेल्जियमच्याच ब्रुज शहरात यान मुलिअर यांनी डेक्समेडेटोमिडीन, केटामिन आणि लिग्नोकेन यांच्या मेळाने अफूविना भूल रोजच्या कामात आणली आणि इतरांना शिकवली. फेंटानिल ज्या देशात जन्मलं, त्याच देशात त्याला पर्याय घडला. 2014 मध्ये फ्लोरिडाच्या झीमान-गिमेल यांचा अभ्यास आला. 119 पेशंट, सगळ्यांना उलटीवरची तीन-तीन औषधं. तरी नेहमीच्या भुलेनंतर 37 टक्क्यांना मळमळ किंवा उलटी झाली, अफूविना भुलेनंतर 20 टक्क्यांना. 2019 मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमधून 23 चाचण्यांचा एकत्र ताळा आला: वेदना दोन्हीकडे सारखीच, मळमळ अफूविना कमी. छातीच्या सर्जरीत श्वासाचा मुद्दा लठ्ठ पेशंटइतकाच जिवावरचा, म्हणून तंत्र तिथे लवकर पोचलं. दुर्बिणीने फुप्फुसाचा भाग काढलेल्या पेशंटवरची चीनमधली चाचणी 2024 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ अनेस्थेशियामध्ये प्रसिद्ध झाली. अफूविना भुलेने मळमळ-उलटी कमी होते, हाच तिचा निष्कर्ष.

टेबलावर

प्रत्यक्षात हे काम कसं चालतं? ऑपरेशनच्या आधी डेक्समेडेटोमिडीन पंपाने दहा मिनिटं हळूहळू जातं, घाईने नाही. मग प्रोपोफॉलने झोप, स्नायू सैल करणारं औषध, दुहेरी नळी. पेशंटला कुशीवर वळवलं की सोनोग्राफी लावून पाठीत ब्लॉक. थोडं केटामिन, कधी मॅग्नेशियम, डेक्सामेथासोन, शेवटाकडे पॅरासिटामॉल आणि मूत्रपिंड चांगलं असेल तर सूज उतरवणारं औषध. शिरेतून लिग्नोकेन द्यायचं असेल तर कागदावर बेरीज करावी लागते. ब्लॉकमध्ये गेलेलं रोपिव्हॅकेन आणि शिरेतलं लिग्नोकेन एकाच जातीचं विष आहे. दोन्ही मिळून मर्यादा ओलांडली तर झटके येतात, हृदय अडखळतं. अशा वेळेसाठी 20 टक्के चरबीचं सलाइन हाताशी ठेवायचं असतं. एका फेंटानिलच्या जागी सहा औषधं, सहांच्या सहा मात्रा आणि सहांचे सहा धोके. ज्याला अफूविना भूल सोपी वाटते, त्याने ती नीट दिलेली नाही.

याचं भान 2021 मध्ये फ्रान्सच्या पोफा चाचणीने जगाला दिलं. 300 हून जास्त पेशंट, एकीकडे रेमिफेंटानिल, दुसरीकडे डेक्समेडेटोमिडीन. मळमळ कमी झाली, मॉर्फिनही कमी लागलं. पण डेक्समेडेटोमिडीनच्या गटात पाच जणांची नाडी धोकादायक इतकी मंदावली आणि चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. त्या गटात ऑक्सिजन कमी पडण्याचं प्रमाणही जास्त होतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एव्हन खरॅश आणि डेव्हिड क्लार्क यांनी लिहिलं, की अफूला पूर्ण हद्दपार करण्याचा हट्ट सोडून तोल परत आणायला हवा. जर्मनीत बायकांच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांवर झालेल्या एका चाचणीत तर मळमळीत फरकच पडला नाही. एरवीही भूल शिरेतून प्रोपोफॉलने दिली, तर ते स्वतःच मळमळ आवरतं. अफू कुठे आणि किती जड पडते, हे बाकीच्या भुलेवर आणि शस्त्रक्रियेवर ठरतं.

भारतात या तंत्राचा विचार करताना आणखी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर मॉर्फिन मिळवणं इतकं किचकट झालं, की कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या असंख्य माणसांना ते मिळालंच नाही. गाझीपूर आणि नीमचच्या सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया करणाऱ्या देशात हे घडलं. 2014 मध्ये कायदा सुधारला, पण भीती अजून पुरती गेलेली नाही. म्हणून अफूविना भूल हे मॉर्फिनवरचं फर्मान होता कामा नये. ज्याची हाडं कॅन्सरने पोखरली आहेत त्याला मॉर्फिन मिळालंच पाहिजे, आणि ज्याच्या बरगड्यांमधून नळी बाहेर सोडलेली आहे त्याला शक्य असेल तर त्याविना शुद्धीवर आणलं पाहिजे. फुप्फुसाच्या ऑपरेशननंतर ब्लॉक उतरला आणि वेदनेने श्वास अडत असेल, तर तिथेही मॉर्फिनचा छोटा डोस द्यायला कचरायचं नाही.

माझ्या मते या कुळकथेतून जे हाती येतं ते हेच, की भुलेत जाणाऱ्या प्रत्येक औषधाने या पेशंटला आपली गरज काय ते सिद्ध करून आत यावं. फेंटानिलला पन्नास वर्षं हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण मळमळीला कुणी मोजत नव्हतं. मोजायला लागल्यावर अफूविना भूल उभी राहिली, आणि मोजत राहिल्यामुळेच तिच्या मर्यादाही कळल्या.

मोजणीची सुरुवात पेशंटच्या बोलण्यापासून होते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ भेटायला येतात, तेव्हा नातेवाईक हृदय, साखर, रक्तदाब सगळं सांगतात. घाटात गाडी लागते, मागच्या ऑपरेशननंतर दोन दिवस उलट्या होत होत्या, हे मात्र क्षुल्लक म्हणून सांगायचं राहतं. ते सांगावं. पाठीत ब्लॉक देणार का, अफूची औषधं कमी करता येतील का, हेही विचारावं. या उत्तरांवर भुलेची निवड बदलते. फुप्फुसाचा पेशंट दुसऱ्या दिवशी सकाळी बसून खोकू शकतो की नाही, ते बरंचसं त्या निवडीवर ठरतं.